प्लाझ्मा टीव्ही: उत्तम चित्र दाखवणारा पडदा का विझला?

३१ ऑक्टोबर २०१३ रोजी पॅनासॉनिकने जाहीर केलं, की डिसेंबरनंतर आपण प्लाझ्मा पडदे बनवणार नाही. पुढच्या वर्षी जुलैत सॅमसंगने तेच सांगितलं आणि ऑक्टोबरमध्ये एलजीने. जेमतेम वर्षभरात एक अख्खं तंत्रज्ञान मोठ्या कारखान्यांमधून उठून गेलं.

मनाला चटका लावणारी गोष्ट अशी, की त्या वेळी प्लाझ्मा आपल्या सर्वोत्तम रूपात होता. २०१३मध्येच आलेला पॅनासॉनिकचा झेडटी-६० हा संच परीक्षकांनी त्या काळच्या सर्वात चांगल्या टीव्हींमध्ये गणला होता. जुनं तंत्रज्ञान सहसा जातं ते नव्याने त्याला गुणांत मागे टाकल्यावर. इथे तसं घडलं नाही. खोलीत अंधार करून प्लाझ्मा आणि एलसीडी शेजारी शेजारी लावले, तर चित्राची पारख असलेली माणसं बहुधा प्लाझ्मासमोरच बसायची. हरला मात्र तोच.

का हरला, असं विचारलं की तीन उत्तरं हमखास येतात: वीज फार खायचा, पडद्यावर चित्राचे डाग उमटायचे, महाग होता. तिन्ही खरी आहेत, पण अर्धीच. असे दोष प्रत्येक नव्या यंत्रात असतात आणि वर्षागणिक कमी होत जातात. एलसीडीतही ढीगभर दोष होते आणि ते एकेक करून निघाले. मग प्लाझ्माचेच का अडून राहिले? माझ्या मते सगळी मेख या प्रश्नात आहे, आणि तो सोडवायचा तर पडद्याच्या आत शिरावं लागतं.

बासष्ट लाख ट्यूबलाइट

ट्यूबलाइट डोळ्यांसमोर आणा. काचेच्या नळीत अगदी विरळ वायू असतो आणि पाऱ्याची थोडी वाफ. दोन टोकांना वीज दिली, की वायूच्या अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि वायूतून वीज वाहू लागते. वायूच्या या विद्युतभारित अवस्थेलाच प्लाझ्मा म्हणतात. त्यातून मुख्यतः अतिनील किरण बाहेर पडतात, जे आपल्याला दिसत नाहीत. नळीच्या आतल्या पांढऱ्या लेपावर ते आदळले, की लेप उजळतो. हा लेप म्हणजे फॉस्फर. खोलीत पडतो तो उजेड वायूचा नसतो, या लेपाचा असतो.

आता हीच ट्यूबलाइट मोहरीच्या दाण्याहून लहान झाली आहे असं समजा. काचेचे दोन मोठे तक्ते, मध्ये केसाच्या जाडीइतकं अंतर, त्या अंतरात बारीक भिंती घालून केलेले कप्पे. प्रत्येक कप्प्यात निऑन आणि झेनॉन या वायूंचं मिश्रण. पाऱ्याचं काम इथे झेनॉन करतो. कप्प्याच्या आतून फॉस्फरचा लेप, कुठे लाल रंगाचा, कुठे हिरव्या, कुठे निळ्या. असे तीन कप्पे मिळून चित्राचा एक ठिपका होतो. फुल एचडी पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात. प्रत्येकाचे तीन कप्पे धरले, तर ६२ लाखांहून अधिक इवल्या ट्यूबलाइट झाल्या, आणि त्यातली प्रत्येक स्वतंत्रपणे पेटवता-विझवता आली पाहिजे.

या पडद्याचा जन्म टीव्हीसाठी झालाच नव्हता. १९६४मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि त्यांचा विद्यार्थी रॉबर्ट विल्सन यांनी तो शोधला. तिथे प्लेटो नावाची एक प्रणाली विकसित होत होती, संगणकाच्या मदतीने शिकवणारी. अडचण अशी होती, की त्या काळातल्या पडद्यावर चित्र टिकवून ठेवायचं तर ते सेकंदाला अनेकदा पुन्हा काढावं लागे, आणि त्यासाठी ते कुठेतरी साठवावं लागे. संगणकाची स्मृती तेव्हा अतिशय महाग होती. प्रत्येक विद्यार्थ्याच्या पडद्यामागे इतकी स्मृती लावणं परवडणारं नव्हतं. बिट्झर यांना असा पडदा हवा होता, की ज्याला एकदा सांगितलं की ते त्याच्या लक्षात राहील.

प्लाझ्माच्या कप्प्याला खरोखरच लक्षात राहतं, आणि ते कसं हे मला या सगळ्या गोष्टीतलं सर्वात देखणं प्रकरण वाटतं. समजा, वायू पेटायला २०० व्होल्ट लागतात. आपण सगळ्या कप्प्यांना १५० व्होल्टच देतो, तेही दिशा सतत उलटसुलट करून. तेवढ्याने कुणीच पेटत नाही. आता एका कप्प्याला क्षणभर जादा धक्का देऊन पेटवलं. वायूतून वीज वाहिली आणि त्यातला काही विद्युतभार कप्प्याच्या भिंतीला चिकटून राहिला. पुढच्या वेळी १५० व्होल्टची दिशा उलटली, की भिंतीवरच्या त्या भाराचा जोर तिच्यात मिळतो. समजा तो १०० व्होल्टचा आहे. झाले २५०. कप्पा आपोआप पुन्हा पेटतो आणि भार आता दुसऱ्या बाजूला साठतो. असं चालूच राहतं. शेजारच्या न पेटलेल्या कप्प्याला तोच दीडशे व्होल्टचा दाब मिळत असतो, पण त्याच्या भिंतीवर भार नाही, म्हणून तो अंधारातच राहतो. म्हणजे कप्प्याची भिंतच त्याची स्मृती झाली.

प्लेटोच्या १९७२च्या आवृत्तीत ५१२ बाय ५१२ ठिपक्यांचा असा पडदा होता. नुसत्या निऑनच्या नारिंगी प्रकाशात उजळणारा, एकरंगी. रंगीत आणि मोठा पडदा व्हायला आणखी वीस वर्षं गेली. फुजित्सूने १९९२मध्ये २१ इंचांचा रंगीत पडदा काढला. बिट्झर यांचे विद्यार्थी लॅरी वेबर यांनी १९८७मध्ये प्लाझ्माको ही कंपनी उभारली. ती पुढे पॅनासॉनिकच्या मूळ कंपनीने, म्हणजे मात्सुशिताने, विकत घेतली. १९९७पर्यंत ४२ इंचांचे संच बाजारात आले.

तेव्हा घरोघरी काचेच्या चित्रनळीचे टीव्ही होते. त्या नळीचं मूळ फर्डिनांड ब्राउन यांनी १८९७मध्ये बनवलेल्या उपकरणात आहे. पडदा मोठा करायचा तर नळी खोल करावी लागे, आत निर्वात पोकळी असल्यामुळे काच जाड करावी लागे, आणि वजन भराभर वाढत जाई. सोनीने ४३ इंचांची चित्रनळी बनवून दाखवली होती. तो संच सुमारे २०० किलोंचा होता. अशा काळात भिंतीला टेकणारा ४२ इंची चपटा पडदा लोकांना काय वाटला असेल, याची कल्पना आज करणं कठीण आहे.

एका चित्रासाठी दहा वेळा

प्लाझ्माचा कप्पा एक तर पेटलेला असतो किंवा विझलेला. मंद जळणं त्याला ठाऊक नाही. मग करड्या रंगाच्या छटा दाखवायच्या कशा? यावर काढलेला उपाय असा, की तो किती जोरात पेटतो हे बदलता येत नसेल, तर किती वेळा पेटतो ते बदलायचं. एक चित्र पडद्यावर सेकंदाचा साठावा भाग राहतं. त्या वेळाचे आठ-दहा तुकडे करायचे. पहिल्या तुकड्यात थोडे लखलखाट, दुसऱ्यात दुप्पट, तिसऱ्यात चौपट. कोणत्या तुकड्यांत पेटायचं आणि कोणत्यांत नाही, हे कप्प्याला आधी सांगायचं. आठ तुकड्यांच्या वेगवेगळ्या जुळण्यांतून २५६ पायऱ्या मिळतात. डोळा हे लखलखाट वेगळे ओळखत नाही. त्याला त्यांची बेरीज दिसते. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं ६०० हर्ट्झ म्हणजे हेच होतं: सेकंदाला ६० चित्रं, प्रत्येकाचे दहा तुकडे.

या रचनेतून प्लाझ्माला तीन गुण मिळाले. पहिला, काळा रंग. काळं दाखवायचं तिथे कप्पा पेटवायचाच नाही. अगदी पूर्ण काळोख मात्र सुरुवातीला जमत नव्हता. वायू झटकन पेटावा म्हणून कप्प्यांना अधूनमधून एक बारीकशी ठिणगी द्यावी लागे आणि तिच्यामुळे काळा रंग किंचित राखाडी दिसे. पायोनियरने कप्प्यात स्फटिकांचा एक खास थर बसवून ही ठिणगी फार मंद केली. २००७मध्ये आलेल्या त्या मालिकेचं नाव होतं कुरो. जपानी भाषेत कुरो म्हणजे काळा. अंधाऱ्या खोलीत त्यावर रात्रीचं आकाश पाहणाऱ्याला पडद्याची कड कुठे संपते हे शोधावं लागे.

दुसरा गुण, बाजूने पाहिलं तरी रंग न उडणं. फॉस्फरचा प्रकाश सगळीकडे सारखा पसरतो, त्यामुळे खोलीच्या कोपऱ्यात बसलेल्यालाही तेच चित्र दिसतं.

तिसरा गुण हालचालीचा. तो बहुतेकांना जाणवतो, पण कारण फारसं कुणाला माहीत नसतं. मैदानावरून धावणारा चेंडू पाहताना आपली नजर चेंडूबरोबर सरकत असते. एलसीडीवर चेंडूचं चित्र सेकंदाचा पूर्ण साठावा भाग एका जागी स्थिर उजळलेलं राहतं आणि मग एकदम पुढच्या जागी जातं. नजर सरकते आहे आणि चित्र थांबलेलं आहे, म्हणून डोळ्याच्या पडद्यावर ते फरफटतं आणि चेंडू पुसट दिसतो. प्लाझ्मावर प्रकाश छोट्या छोट्या लखलखाटांत येतो आणि मध्ये अंधार असतो. फरफटायला तितका वेळच मिळत नाही.

खिडकी आणि दिवा

एलसीडीची रीत मुळातच निराळी. तिथे ठिपका स्वतः उजळत नाही. मागे एक दिवा सतत जळत असतो आणि पुढे लाखो बारीक खिडक्या असतात. त्यांची दारं कमी-जास्त उघडायची.

दारं द्रवस्फटिकांची. प्रवाही असूनही ज्याचे रेणू शिस्तीत रांगेने उभे राहतात, असा हा पदार्थ. १८८८मध्ये फ्रिडरिश रायनिट्झर या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाला तो गाजरातून काढलेल्या कोलेस्टेरॉलवर काम करताना प्रथम आढळला. पडद्यात या द्रवाच्या दोन्ही बाजूंना एकेक गाळणी असते. प्रकाशलहरी नाना दिशांनी कंप पावत येतात. पहिली गाळणी फक्त एकाच दिशेत कंपणारा प्रकाश पुढे सोडते. दुसरी तिच्याशी काटकोनात बसवलेली असते, म्हणून तो प्रकाश तिथे अडतो. पण मधले रेणू जिन्यासारखे वळत गेलेले असतील, तर त्यांच्याबरोबर प्रकाशाची कंपनदिशाही वळते आणि तो दुसऱ्या गाळणीतून सुटतो. वीज देऊन रेणूंचा पीळ सोडवला, की दार बंद. किती पीळ ठेवायचा तेवढा उजेड.

हे मला नेहमी थोडं अन्यायाचं वाटत आलं आहे, कारण प्रकाश बनवायचा आणि मग बराचसा अडवायचा ही उधळपट्टीच आहे. गाळण्या आणि रंगांचे पापुद्रे ओलांडून शंभरातले पाच-दहा भागच डोळ्यांपर्यंत येतात. शिवाय दार कितीही घट्ट लावलं, तरी फटीतून उजेड झिरपतो आणि काळा रंग धुरकट होतो. बाजूने पाहिलं की जुन्या पडद्यांवर रंग पालटायचे. रेणू वळायला वेळ लागायचा, म्हणून हालचाल पुसट व्हायची. शार्पने १९८८मध्ये १४ इंचांचा रंगीत एलसीडी दाखवला, तेव्हापासून पुढची पंधरा-सोळा वर्षं एलसीडी म्हणजे लहान पडदा हेच समीकरण होतं. चाळीस इंचांच्या वर प्लाझ्मा, खाली एलसीडी, अशी बाजाराची वाटणी जवळजवळ ठरून गेली होती.

ती वाटणी मोडली काचेच्या आकाराने. एलसीडी बनतो तो एका प्रचंड तक्त्यावर, आणि मग एका थानातून कपडे बेतावेत तसे त्यातून अनेक पडदे कापले जातात. तक्ता जितका मोठा, तितका एकेक पडदा स्वस्त. शार्पच्या कामेयामा इथल्या कारखान्यात २००४मध्ये साधारण दीड मीटर बाय १.८ मीटरचा तक्ता होता. २००६मध्ये तिथल्याच दुसऱ्या कारखान्यात तो २.१६ बाय २.४६ मीटर झाला. २००९मध्ये साकाई इथे २.८८ बाय ३.१३ मीटर. पाच वर्षांत क्षेत्रफळ तिपटीहून अधिक. एवढे कारखाने उभारायला पैसा आला कुठून? फक्त टीव्हीतून नाही. लॅपटॉप, संगणकाचे मॉनिटर, मोबाइल, गाड्या, घड्याळं, सगळ्यांना एलसीडी हवा होता. एका ठिकाणी शिकलेली युक्ती दुसरीकडे चालत होती. प्लाझ्माला टीव्ही आणि मोठे फलक एवढंच गिऱ्हाईक, कारण तो लहान करताच येत नव्हता.

लहान का होत नव्हता

कप्पा लहान केला, की आतल्या वायूच्या मानाने भिंती जास्त होतात. पेटलेल्या वायूतले विद्युतभारित कण भिंतीवर आदळून वाया जातात आणि फॉस्फरपर्यंत कमी अतिनील प्रकाश पोचतो. शिवाय भिंतींची जाडी एका मर्यादेखाली नेता येत नाही, म्हणून उजळणारी जागाही घटते. वीज तेवढीच, उजेड कमी. म्हणून ४२ इंचांचे अनेक प्लाझ्मा १,०२४ बाय ७६८ ठिपक्यांवर थांबले होते, तेव्हा त्याच मापाचे एलसीडी फुल एचडी देऊ लागले होते. दुकानातल्या पाटीवर आकडाच दिसतो, काळ्या रंगाची खोली दिसत नाही.

वेळेचं गणित याहून कठोर होतं. प्रत्येक चित्राच्या प्रत्येक तुकड्याआधी पडद्यावरच्या सगळ्या ओळींना, एकीमागून एक, पेटायचं की नाही हे सांगावं लागतं. एका ओळीला एक मायक्रोसेकंद लागतो असं धरू. १,०८० ओळी आणि दहा तुकडे, म्हणजे १०.८ मिलिसेकंद. एका चित्राला मिळतात १६.७. उरलेल्या सहा मिलिसेकंदांतच उजेड पाडायचा. आता ४के पडदा घ्या, ओळी २,१६०. नुसत्या सूचना द्यायलाच २१.६ मिलिसेकंद लागतील. चित्राचा वेळ संपून गेला आणि पडदा अजून पेटलेलाही नाही! यावर उपाय होते. पडद्याचे वरचा-खालचा असे दोन भाग करून दोन्हींना एकाच वेळी सूचना देता येत, पण मग इलेक्ट्रॉनिक्सचा खर्च दुप्पट. पॅनासॉनिकने १५२ इंचांचा ४के प्लाझ्मा बनवला होता आणि जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेबरोबर २०१२मध्ये १४५ इंचांचा ८के प्लाझ्माही दाखवला. इंजिनिअरांचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण ते पडदे भिंतीएवढे होते, म्हणूनच कप्प्यांना पुरेशी जागा मिळाली. दिवाणखान्यातल्या मापात आणि परवडेल अशा खर्चात ४के प्लाझ्मा बसवणं जमण्यासारखं नव्हतं.

आता विजेकडे येऊ. झेनॉनच्या अतिनील किरणांची तरंगलांबी प्रामुख्याने १४७ नॅनोमीटर असते. तरंगलांबी जितकी कमी, तितका प्रकाशकणाचा जोर जास्त. असा एक जोरकस कण फॉस्फरवर आदळतो आणि बदल्यात दृश्य प्रकाशाचा साधारण एकच कण बाहेर पडतो, सुमारे ५५० नॅनोमीटरचा, म्हणजे पहिल्याच्या चौथाई जोराचा. उरलेल्या तीन चतुर्थांशाची उष्णता होते. ट्यूबलाइटमधल्या पाऱ्याचे किरण २५४ नॅनोमीटरचे असतात, तिथे हा तोटा बराच कमी. म्हणजे प्लाझ्माची उधळपट्टी कुणाच्या हलगर्जीपणामुळे नव्हती. झेनॉनच्या अणूतच ती लिहिलेली होती.

आणि इथे सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर सापडतं. प्लाझ्माच्या कप्प्यात प्रकाश बनवणं, तो कमी-जास्त करणं आणि रंग देणं ही तिन्ही कामं एकाच जागी, एकाच वायूच्या भरवशावर चालत. कशालाही हात लावला की बाकीचं बिघडे. झेनॉनचं प्रमाण वाढवलं तर उजेड वाढे, पण पेटवायला जास्त व्होल्टेज लागे. कप्पा लहान केला तर बारकावे वाढत, पण उजेड घटे. एलसीडीत हीच कामं वेगवेगळ्या थरांत वाटलेली होती. मागचा दिवा बदला, दारं तशीच राहतात. दारं सुधारा, दिवा तोच चालतो.

झालंही तसंच. दारांचं काम नव्या रचनांनी सुधारलं आणि बाजूने पाहण्याची अडचण बरीच दूर झाली. मग दिवा बदलला. आधी मागे बारीक ट्यूबलाइट असत, त्यांच्या जागी एलईडी आले. सॅमसंगने २००९मध्ये हे संच एलईडी टीव्ही या नावाने जोरात विकायला घेतले. अनेकांना ते संपूर्ण नवं तंत्रज्ञान वाटलं. प्रत्यक्षात ते एलसीडीच होते, फक्त मागचा दिवा नवा. पण त्या दिव्याने संच सडपातळ झाला, वीज कमी लागू लागली, आणि पुढे एलईडींचे वेगवेगळे गट करून चित्राच्या काळ्या भागामागचे दिवे मंद करता येऊ लागले. पांढऱ्या एलईडीचा गाभा म्हणजे निळा एलईडी. तो शक्य करणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं २०१४मध्ये. ज्या वर्षी शेवटचे मोठे प्लाझ्मा कारखाने थांबले, तेच वर्ष. नंतर रंग अधिक शुद्ध करायला क्वांटम डॉट, म्हणजे आपल्या आकारानुसार ठरावीक रंगाचा प्रकाश देणारे अतिसूक्ष्म कण आले, त्यांच्या शोधाला २०२३चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. यातलं बरंचसं टीव्हीसाठी शोधलेलं नव्हतं. दुसऱ्यांनी दुसऱ्याच कामासाठी काढलेली फळं एलसीडी आपल्या थरांमध्ये बसवत गेला. प्लाझ्माच्या बंद कप्प्यात बाहेरून काही आत घेण्याची सोयच नव्हती.

शेवटची वर्षं

दुकानांनीही प्लाझ्माचं नुकसान केलं. झगझगीत दिव्यांखाली एलसीडी तेजस्वी दिसे. प्लाझ्माच्या काचेत दिव्यांची प्रतिबिंबं पडत आणि पडदा मलूल वाटे. पडदाभर पांढरं चित्र आलं, की वीज आटोक्यात ठेवण्यासाठी तो स्वतःच मंद होई. अंधारात तो जिंकायचा, पण विकत घेण्याचा निर्णय भर उजेडात होत असे. त्यात अफवा. आतला वायू संपतो आणि पुन्हा भरावा लागतो, ही गोष्ट मी जाणत्या माणसांकडूनही ऐकली आहे. तसं काही नसतं. कप्पे कायमचे बंद असतात. डाग पडण्याची भीती खरी होती. एखादं चिन्ह तासन् तास एका जागी राहिलं, की तिथला फॉस्फर जास्त झिजे आणि त्याची सावली उमटे. नंतरच्या संचांत हे पुष्कळ कमी झालं, पण बदनामी टिकली.

नियमही कडक झाले. कॅलिफोर्नियाने २००९मध्ये टीव्हीच्या वीजवापरावर मर्यादा घालणारे नियम मंजूर केले आणि युरोपीय संघात २०११पासून टीव्हीवर ऊर्जेचं लेबल लावावं लागू लागलं. पायोनियरने त्याआधीच, फेब्रुवारी २००९मध्ये, टीव्हीचा धंदा सोडायचा निर्णय जाहीर केला होता. कुरो बनवणारी कंपनी कुरोचं कौतुक होत असतानाच बाहेर पडली. पॅनासॉनिकने उलट डाव वाढवला आणि आमागासाकी इथे आणखी एक मोठा कारखाना उभारला. तो सुरू होऊन दोन वर्षं होतात न होतात, तोच २०११मध्ये तो थांबवायचं ठरलं. मार्च २०१२ आणि मार्च २०१३ला संपलेल्या दोन्ही आर्थिक वर्षांत कंपनीला प्रत्येकी ७५० अब्ज येनपेक्षा जास्त तोटा झाला. सगळा प्लाझ्मामुळे नव्हे, पण टीव्हीचा धंदा त्यातलं एक मोठं दुखणं होतं.

ज्या एलसीडीने त्याला हरवलं, त्याचे कारखानेही जपानमध्ये टिकले नाहीत. साकाईच्या त्या अवाढव्य कारखान्यातलं टीव्हीच्या पडद्यांचं उत्पादन २०२४मध्ये बंद झालं.

स्वतः उजळणाऱ्या ठिपक्याची कल्पना मात्र जगली, दुसऱ्या पदार्थात. १९८७मध्ये कोडॅक कंपनीत चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी सेंद्रिय पदार्थांच्या अतिशय पातळ थरांतून कमी व्होल्टेजवर प्रकाश मिळवून दाखवला. तोच ओएलईडी. सोनीने २००७मध्ये ११ इंचांचा टीव्ही आणला आणि एलजीने २०१३मध्ये ५५ इंचांचा. यात वायू नाही, भिंती नाहीत, अतिनील किरणांचा फेराही नाही. ठिपका हवा तितका मंद जळू शकतो, त्यामुळे तुकडे पाडायची गरज नाही. ठिपका मोबाइलच्या पडद्याइतका बारीक होऊ शकतो. काळा रंग तर पूर्ण काळा, कुरोपेक्षाही.

पण प्लाझ्माची दोन दुखणी ओएलईडीने जशीच्या तशी वारशात घेतली: पडदाभर पांढरं आलं की मंद होणं, आणि एका जागी थांबलेल्या चित्राची खूण उमटणं. आणि एका गोष्टीत तो अजून मागे आहे. ओएलईडीचा ठिपका क्षणार्धात बदलतो खरा, पण बदलल्यावर पुढच्या चित्रापर्यंत स्थिर उजळत राहतो, म्हणून धावणारा चेंडू एलसीडीसारखाच थोडा फरफटतो. दोन चित्रांच्या मध्ये क्षणभर पडदा पूर्ण काळा करून हे कमी करता येतं, पण मग उजेड घटतो.

तुमच्याकडे अजून चालू प्लाझ्मा असेल, तर काही गोष्टी सांभाळा. हलवताना तो उभाच ठेवा. आडवा झोपवला, तर वजनाने मोठी काच वाकून तडकू शकते. उंच डोंगराळ भागात नेला आणि गुणगुणल्यासारखा आवाज येऊ लागला, तर घाबरू नका. आतल्या वायूचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो आणि त्या फरकामुळेच काचा भिंतींवर घट्ट दाबलेल्या राहतात. उंचावर हवा विरळ होते, ती पकड सैल पडते आणि काच थरथरते. एखाद्या दिवशी संच सुरूच झाला नाही, तर लगेच भंगारात काढू नका. अनेकदा मागचा वीजपुरवठ्याचा बोर्ड गेलेला असतो आणि तो दुरुस्त होऊ शकतो. काच मात्र जपा. तो तक्ता फुटला, तर तसा नवा आता कुठल्याच मोठ्या कारखान्यात बनत नाही.